सैन्यातल्यांची एक जागा आणि माझा पास क्लास

सायली, जरा जवळ सरक. वाघोली आणि कोथरूड यांच्यामध्ये अख्खं पुणं आडवं पडलंय, म्हणून कागदावरूनच तुझा कान धरतेय. तुझी आई सांगत होती, तू लॉ कॉलेजचा फॉर्मच भरणार नाहीस. का, तर मार्क कमी. "आत्याला सांग, मला कोण घेणार?" अगं, घ्यायचं की नाही हे ठरवायला तिथे पगारी माणसं बसलीत. त्यांचं काम तू फुकटात कशाला करतेस?

मी लॉ कॉलेजच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. मुलींना ऑफिसर म्हणून घ्यायला सैन्याने नुकती सुरुवात केली होती, त्या पहिल्या काही तुकड्यांमधली मी. शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी, मग राम राम. पेन्शन नाही. कॅप्टन होऊन बाहेर पडले आणि इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ॲडमिनला लागले. ॲडमिन म्हणजे बसेस, कँटीन, सिक्युरिटी आणि एसी कमी की जास्त यावरची भांडणं.

बॉस माझ्याहून लहान. प्रवेशाच्या मुलाखतीसाठी अर्ध्या दिवसाची रजा मागितली तर म्हणाला, "मॅडम, लॉ? आत्ता? सगळं जग कॉम्प्युटरचं कोबॉल शिकतंय."

"म्हणूनच सर. कायद्याला गर्दी कमी असेल."

"बरं. पण दुपारी क्लायंट येतोय. लंच तुम्हालाच बघायचंय."

गर्दी काही कमी नव्हती. प्रवेश ग्रॅज्युएशनच्या मार्कांवर, आणि माझं बी.कॉम. पास क्लास. नापास म्हणता येत नाही म्हणून पास, असा तो क्लास. त्यात सेकंड इयरला दोन विषय राहिलेले. मेरिट लिस्टमध्ये नाव यायचा प्रश्नच नव्हता. पण सैन्यातून आलेल्यांसाठी त्या कॉलेजने एक जागा ठेवली होती आणि ती मुलाखत घेऊन भरायचे. बाकावर आम्ही तिघं. एक नेव्हीतले, फर्स्ट क्लास. एक रिटायर्ड सुभेदार साहेब, व्यवस्थित सेकंड क्लास. आणि मी.

कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कना विचारलं, "पुढच्या वर्षी ही जागा असेल ना?"

ते मान वर न करता म्हणाले, "पुढच्या वर्षी कॉलेज असेल. एवढं सांगू शकतो."

खरं सांगते, बर्फातून गाड्यांचा ताफा नेणं याहून सोपं होतं. तिथे निदान रस्ता दिसायचा.

आत दोघं जण. प्राचार्य आणि एक निवृत्त न्यायाधीश. पहिला प्रश्न सोपा आला. लॉ का?

ते मला पाठच होतं. आमच्या युनिटमधला एक शिपाई रजेवरून वेळेत परतला नाही. कोर्ट मार्शल झालं. म्हणजे सैन्यातला खटला. तो लहान असेल तर युनिटचा कमांडिंग ऑफिसरच न्यायाधीश असतो. आरोपीला सल्ला द्यायला शेजारी एक ऑफिसर बसवतात. तो वकील नसतो, ज्याला हुकूम मिळेल तो बसतो. मला मिळाला. त्या शिपायाची बायको गावी बाळंतपणात अडली होती. हे सगळं सांग, असं मी त्याला आदल्या दिवशी दहादा बजावलं. आयत्या वेळी तो सावधान उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "गलती हो गई, साब." शेजारच्या सल्लागाराला तिथे तोंड उघडायची परवानगी नसते. त्या शिपायाची नोकरी गेली.

"तेव्हाच ठरवलं सर, जिथे बोलायची परवानगी असते ते काम करायचं."

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. मला वाटलं, जमतंय.

मग प्राचार्यांनी मार्कशीट उलटी करून माझ्यासमोर धरली. "सेकंड इयरला हे दोन विषय का राहिले?"

माझी पाठ आपोआप ताठ झाली. "नो एक्सक्यूज, सर."

अगं, हे आमच्या हाडात भरलेलं. ट्रेनिंगमध्ये बूट का मळले? नो एक्सक्यूज. उशीर का झाला? नो एक्सक्यूज. कारण सांगितलं की शिक्षा दुप्पट. आणि गप्प राहणाऱ्याला शाबासकी.

"म्हणजे काय?"

"माझी चूक, सर."

"बाई, चूक तर इथे छापूनच आलीय. मी कारण विचारतोय."

मी पुन्हा तेच म्हटलं, माझीच चूक. प्राचार्यांनी मार्कशीटची घडी घातली. संपलं, मी मनात म्हटलं. आता क्लायंटसाठी पनीर सांगायचं की चिकन, तेवढं बघायचं.

"थांबा," न्यायाधीश म्हणाले. "कॅप्टन, तुमच्या त्या शिपायाने बायकोचं का नाही सांगितलं?"

"आमच्यात सांगत नाहीत, सर."

"तुम्हाला त्याचा राग आला?"

"खूप, सर."

"मग मलाही थोडा यायला हरकत नसावी."

माझे कान तापले. आणि मग मी बोलले. बिबवेवाडीत आमची पिठाची गिरणी होती. सेकंड इयरला असताना अण्णांचा, म्हणजे तुझ्या आजोबांचा, हात गिरणीच्या पट्ट्यात सापडला. तुझे बाबा तेव्हा शाळेत. गिरणी मी चालवली. आणि परीक्षा नेमकी उन्हाळ्यात, म्हणजे वर्षाचं तिखट दळायचा सीझन. लाल डोळ्यांनी पेपरला बसायचे. शेवटचे दोन पेपर मला दिसलेच नाहीत म्हटलं तरी चालेल.

"पुरावा?"

"बिबवेवाडीत कुणालाही विचारा, सर."

"ही ऐकीव गोष्ट झाली. कोर्टात चालत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पण बोललात."

यादी लागली. जागा नेव्हीवाल्यांना. वेटिंगवर पहिली मी, माझ्या खाली सुभेदार साहेब. त्यांना आत काय विचारलं, मला माहीत नाही. पुढचे काही दिवस ऑफिसचा फोन वाजला की हातातलं खाली पडायचं. बॉस म्हणाला, "मॅडम, एकतर लॉ करा, नाहीतर हे कप तरी वाचवा."

मग एकदाचा फोन आला. नेव्हीवाल्यांना एका सॉफ्टवेअर कंपनीने उचललं होतं. क्लार्क म्हणाले, "जागा रिकामी आहे. उद्या बारापर्यंत फी भरा. कारणं चालणार नाहीत."

पुढे वकिली सैनिकांच्या केसेसमध्येच गेली. पेन्शनच्या, अपंगत्वाच्या. प्रत्येक जण पहिल्या भेटीत म्हणतो, माझंच चुकलं, मॅडम. मी चहा मागवते आणि थांबते.

म्हणून सांगते, कारण सांगून मला जागा मिळाली नव्हती. वेटिंगवरचा पहिला नंबर मिळाला होता. बोलण्याने बहुतेक वेळा तेवढंच मिळतं. गप्प बसणाऱ्याला तेही मिळत नाही.

फॉर्म भर. आणि या रविवारी जेवायलाच ये, पुरणपोळी करते. एकटी ये हं. आईला आणू नकोस, ती तुझ्या वतीने बोलते.