दोन नाकपुड्यांची गाडी

मेकॅनिकलची डिग्री मी पुण्यात घेतली आणि गेली पंधरा वर्षं जपानात, तोयोसुच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर लिहितेय. एवढ्या काळात स्वतःच्या हातानं उघडलेलं यंत्र म्हणाल तर लॅपटॉप. पण उरायासुच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणाऱ्या आजोबांना माझी डिग्री कुणीतरी सांगितली, आणि ते मला ‘सेन्सेई’ म्हणायला लागले. गुरुजी! आणि कोण, तर मी! खरं म्हणजे तिथंच हात जोडून सांगायला हवं होतं की बाबा, तसलं काही नाही. नाही सांगितलं. बरं वाटत होतं.

आजोबांची एक गाडी होती, भाड्याच्या गॅरेजमध्ये ठेवलेली. सांगाडा जुन्या अमेरिकन पिकअपचा, बॉनेट काढून टाकलेलं, आणि आत अपघातात गेलेल्या एका जपानी गाडीचं इंजिन. बाकी सगळं झालं होतं, घोडं अडलं होतं इनटेकवर, म्हणजे इंजिन ज्या वाटेनं श्वास घेतं त्यावर. तिथं एक मोठी थ्रॉटल बॉडी बसवायची की दोन छोट्या? थ्रॉटल बॉडी म्हणजे काय, तर एक नळकांडं आणि आत एक झडप. पॅडल दाबलं की झडप उघडते, हवा आत जाते. एवढंच. या एवढंचसाठी आजोबा सहा वर्षं कॅटलॉगांना रंगीत चिठ्ठ्या चिकटवत बसले होते.

आता मात्र घाई होती. त्यांना पंचाहत्तर पूर्ण होत होती आणि ऑक्टोबरातल्या एका सोमवारी लायसन्स परत करायचं असा शब्द त्यांनी मुलीला दिला होता. इथं म्हातारी माणसं आपण होऊन लायसन्स परत करतात. त्याच्या आत आजींना त्या गाडीतून एकदा फिरवायचं, एवढी एकच त्यांची इच्छा.

जूनमध्ये एका रविवारी जिन्यात त्यांनी कॅटलॉग माझ्यासमोर धरला. “सेन्सेई, एक की दोन?”

“मला वाटतं, विचार करून...” मी सुरू केलं, तेवढ्यात मागून नवरा मराठीत म्हणाला, “तुला काय कळतं गं त्यातलं?”

झालं. माझं डोकंच फिरलं.

“दोन!” मी म्हणाले.

“कारण?”

आता कारण कुठून आणू? “माणसाला नाकपुड्या किती असतात? एक चोंदली तर दुसरी असते.”

आजोबांनी वही काढली आणि ‘नाकपुड्या’ असं लिहून घेतलं. शप्पत! नवरा वरच्या मजल्यापर्यंत हसत गेला.

दोन थ्रॉटल बॉडीवाला इनटेक आला, बसला. आजोबांनी नगरपालिकेतून तात्पुरती नंबरप्लेट आणली. ती पाच दिवसांची, सोमवार ते शुक्रवार, आणि कागदावर रस्तासुद्धा ठरवून दिलेला: गॅरेज ते सरकारी तपासणी केंद्र, आणि परत. दुसरीकडे कुठं वळायचं नाही. शुक्रवारची तपासणीची वेळ घेतलेली; पास झाली की पक्की नंबरप्लेट, आणि शनिवार-रविवार आजींना घेऊन कुठंही फिरायला मोकळे. त्यापुढचा सोमवार लायसन्सचा.

मंगळवारी दसरा होता. आणि दसऱ्याला गाडीची पूजा नाही म्हणजे काय? मी संध्याकाळी झेंडूचा हार, हळद-कुंकू, अक्षता, नारळ घेऊन गॅरेजात हजर. इंजिनावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चांगल्या मूठभर अक्षता वाहिल्या. मग आजोबांनी वाहिल्या, अगदी माझ्यासारख्याच, मनगट वळवून. आजींनी त्यांच्या देवळातल्या रीतीनं दोन टाळ्या वाजवून नमस्कार केला. मला भरून आलं.

बुधवारी गाडी सुरू झाली ती बोंबलतच. पॅडलवर पाय नाही, तरी इंजिन गळा काढून ओरडतंय. गुरुवारीही तेच. आजोबा कानाला रबरी नळी लावून दोन्ही नळकांड्यांचा श्वास सारखा करत बसलेले. एकीकडे जमवलं की दुसरीकडे बिघडायचं. शुक्रवारी मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून पळत गॅरेजात गेले. काय करणार होते, देव जाणे. नुसतंच शहाण्यासारखं तोंड करून टॉर्च मारला.

डाव्या झडपेच्या कडेला तांदळाचा दाणा. लाल. अडकलेला, त्यामुळे झडप पूर्ण मिटतच नव्हती. उजवीकडे दोन.

“अगं बाई!” मी ओरडले. एअर फिल्टर बसवायचे होते, नळकांडी उघडी होती, आणि मी त्यांत मूठभर अक्षता टाकल्या होत्या!

आजोबांनी वाकून पाहिलं. “हो,” ते म्हणाले, “ते मला बुधवारीच दिसले.”

“मग काढले का नाहीत?”

“तुम्ही विधीपूर्वक ठेवले होते.” मग हळूच विचारलं, “काढले तर चालतं का?”

मला हसावं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी कळेना. चिमट्यानं दाणे काढले, फडक्यानं आतून पुसलं, आणि गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. घड्याळात पाहिलं. तपासणीची वेळ टळून गेली होती. पोचेपर्यंत केंद्रही बंद होणार.

“माझ्यामुळे गेलं सगळं,” मी म्हणाले आणि चक्क रडायला लागले.

आजोबांनी तो नगरपालिकेचा कागद चष्मा लावून नीट वाचला. “केंद्र उघडं असायला हवं, असं यात लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. “आज रस्ता आमचा आहे.”

आजी लिपस्टिक लावून, रेशमी रुमाल बांधून आल्या. सीट तिघांची होती, म्हणून मलाही बसवलं. सगळा वेळ आजोबा मर्यादेपेक्षा दोन किलोमीटर हळू. सिग्नलवर सायकलवाले आम्हाला हात करून पुढे जात होते.

वाटेत मला राहवेना. “खरं सांगू? मला काही कळत नव्हतं. दोन हे मी रागात म्हटलं.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “सहा वर्षांत सगळे म्हणाले, विचार करून सांगतो. तुम्ही एकट्याच लगेच बोललात.”

केंद्राचं फाटक बंद होतं. पलीकडे डांबराचं रिकामं मैदान, पिवळे पट्टे, एक झाकलेलं यंत्र. आजी उतरल्या, फाटकाजवळ गेल्या आणि एखाद्या बागेकडे बघावं तसं बघत राहिल्या. मी दोघांचा गाडीसमोर फोटो काढला.

“खूप छान,” आजी म्हणाल्या. “पुढच्या वेळी समुद्रावर जाऊ या.”

सोमवार दोघांनाही पाठ होता. कागदावरच्या रस्त्याबाहेर चाक न टाकणारा तो माणूस बायकोसाठी दार उघडत म्हणाला, “हो, जाऊ की.”