पत्रकातल्या चार ओळी

केंटकीच्या डोंगराळ भागातल्या त्या विद्यापीठात डॉक्टर व्हायला आलेली पोरं पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी शिकत. शवागाराची किल्ली कुणाकडे असते ही एक, आणि अडचण आली की दुसऱ्या मजल्यावर मिस व्हर्नाकडे जायचं ही दुसरी.

व्हर्ना स्टिडम काही डॉक्टर नव्हती. बारावीनंतर टंकलेखन शिकून अठ्ठाविसाव्या वर्षी ती विद्यार्थी कार्यालयात लागली आणि तेहतीस वर्षं तिथेच राहिली. नवरा आर्लिस शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. मूलबाळ नव्हतं. दर सोमवारी सकाळी सात वाजता ती एक पत्रक काढायची. कुठल्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात हाताखाली माणूस हवाय, कुठल्या शिष्यवृत्तीची मुदत संपत आलीय, निवासी डॉक्टरांना कुठली परिषद फुकट आहे, कुणाचा स्टेथोस्कोप जिन्यात सापडलाय, सगळं त्यात असायचं. सुरुवातीला ते कागदावर निघे, पुढे ईमेलवर जाऊ लागलं. अकराशे लोक ते वाचत, आणि खरोखर वाचत, कारण व्हर्नाचा एक नेम होता. समोरच्या माणसाला स्वतः फोन करून खात्री केल्याशिवाय ती एक ओळ आत घेत नसे. "आमच्याकडे जागा आहे" म्हणणाऱ्याला ती विचारायची, "आहे म्हणजे आज आहे, की असेल असं वाटतंय?" पोरं हसत, पण तिच्या पत्रकातली संधी पोकळ निघाली असं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

फिलिप एंडिकॉट हा तिच्याच हाताखालून गेलेला. पहिल्या वर्षी शरीररचनेत नापास झाला आणि गाडीत सामान भरून घरी निघाला, तेव्हा व्हर्नानं वाहनतळावर जाऊन त्याला थांबवलं. दुसऱ्या विद्यापीठात उन्हाळ्यात तोच विषय पुन्हा शिकवतात हे तिला ठाऊक होतं. तिनं तिथल्या बाईंना तीन दिवस फोन करकरून त्याच्यासाठी एक खुर्ची मिळवली. पुढची तीन वर्षं तो रविवारी तिच्या टेबलावर राजमा आणि मक्याचा पाव खायला असायचा. आर्लिस त्याला म्हणायचा, "डॉक्टरसाहेब, पातेलं तरी सोडा." पदवीच्या दिवशी त्याच्या आईनं व्हर्नाला मिठी मारली ती सोडेचना. हाच फिलिप वीस वर्षांनी उपअधिष्ठाता होऊन परत आला, तेव्हा व्हर्नाला आपलंच कुणी घरी आल्यासारखं झालं. चारचौघांत ती त्याला डॉक्टर एंडिकॉट म्हणे, दार लागलं की फिलिप आणि तू.

त्या वर्षी विद्यापीठानं एक नवं काम काढलं होतं. डोंगरातल्या लॉरेल फोर्क नावाच्या गावी एक छोटं रुग्णालय होतं. तिथे दरवर्षी चार निवासी डॉक्टर घ्यायचे, तीन वर्षं शिकवायचे, आणि मग ते त्याच मुलखात राहतील अशी आशा. राज्य सरकारनं अनुदान दिलं होतं. पण पोरं बिचकत होती. नवी जागा, आडगाव. शेवटच्या वर्षाच्या पोरांना आपल्या पसंतीच्या रुग्णालयांची यादी मार्चच्या पहिल्या आठवड्यात भरून द्यायची असते, आणि एकदा का यंत्रानं डॉक्टर आणि रुग्णालयाची जोडी लावली की ती मोडता येत नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी फिलिप व्हर्नाच्या खोलीत आला.

"मिस व्हर्ना, लॉरेल फोर्कबद्दल चार ओळी लिहा ना. जाहिरातीसारख्या नकोत. तुमच्या शब्दांत."

"लिहिते. उद्या तिथल्या कार्यालयात फोन करते आणि लिहिते."

"आपल्याच कार्यक्रमासाठी कुणाला फोन करताय? मी सांगतोय ना."

व्हर्ना हसली. "तेही खरंच."

आणि तिनं लिहिलं. 'लॉरेल फोर्कची जागा पक्की आहे. ज्यांना आपल्या माणसांत राहून डॉक्टरी करायची आहे त्यांनी ही यादीत वर ठेवावी. मी चाळीस वर्षांपूर्वी त्या रुग्णालयातून बरी होऊन घरी आले. तिथे तुम्हाला नावानं ओळखतील.' बारा तारखेच्या सोमवारी ते गेलं.

लीया किलगोर त्याच दिवशी तिच्याकडे आली. शेवटच्या वर्षाची, लॉरेल फोर्कपासून अर्ध्या तासावरची मुलगी, खाणीत फुप्फुसं घालवून बसलेल्या बापाची एकुलती एक. टेनेसीतलं एक मोठं रुग्णालय तिला घ्यायला उत्सुक होतं.

"मिस व्हर्ना, खरं सांगा. तिथे शिकायला मिळेल का? की नुसती खोकल्याची औषधं लिहीत बसेन?"

"पोरी, शिकायला मिळेल. आणि बाबा अर्ध्या तासावर. टेनेसीवाले काय, दरवर्षी चाळीस घेतात. तू नसलीस तरी त्यांचं काही अडत नाही."

"तुम्ही म्हणताय म्हणून पहिली टाकते हं."

"टाक."

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी, कुणाची जोडी कुठे लागली ते सांगणारी पाकिटं सगळ्यांना मिळाली. लीयानं आपलं उघडलं, आणि कुबडी टेकत आलेला तिचा बाप होबर्ट भर सभागृहात रडला. लॉरेल फोर्कच्या चारही जागा भरल्या. फिलिपनं व्हर्नाच्या टेबलावर फुलं पाठवली.

जुलैत चौघं कामाला लागली. सप्टेंबरच्या अकराव्या दिवशी रुग्णालयाच्या मालकांनी जाहीर केलं की ऑक्टोबरअखेर रुग्णालय बंद होईल.

विद्यापीठात धावपळ उडाली. मान्यता देणाऱ्या मंडळाला सगळी कागदपत्रं पाठवायची होती, आणि ती लावायला व्हर्नाशिवाय कोण होतं? तिसऱ्या दिवशी उपअधिष्ठात्यांच्या कार्यालयातून आलेल्या पेटीत तिला दोन पत्रं एकाच टाचणीत सापडली. पहिलं मालकांचं, सहा फेब्रुवारीचं. येत्या शरदात रुग्णालय बंद करण्याचा विचार चालू आहे, तरी यंदा नवे निवासी डॉक्टर घेऊ नयेत असा सल्ला. दुसरं त्याला आठ तारखेला दिलेलं उत्तर. मार्चमधल्या जोडणीपर्यंत कृपया ही गोष्ट बाहेर जाऊ देऊ नये. खाली फिलिपची सही.

व्हर्नानं दोन्ही पत्रं तीनदा वाचली. आठ तारखेला सही, आणि त्यानंतर तो आपल्या खोलीत आला होता. याच खुर्चीत बसला होता. आर्लिसच्या गुडघ्याची चौकशीही केली होती.

तिनं पत्रांच्या प्रती काढल्या आणि वरच्या मजल्यावर गेली. दार लावून घेतलं.

"डॉक्टर, हे तुमचंच ना?"

फिलिपनं कागदाकडे पाहिलं. ते 'तुमचं' त्याला बरोबर ऐकू आलं असावं.

"मिस व्हर्ना, बसा आधी."

"उभीच बरी आहे मी."

"तेव्हा काही नक्की नव्हतं. दुसरा कुणी विकत घेईल अशी बोलणी चालू होती. चार जागा रिकाम्या राहिल्या असत्या तर अनुदान गेलं असतं, कार्यक्रमच बुडाला असता. मग त्या डोंगरात पुढची वीस वर्षं कुणी डॉक्टर धाडला नसता. मी त्याच लोकांसाठी—"

"नक्की नव्हतं, तर 'बाहेर जाऊ देऊ नका' असं का लिहिलंत?"

त्यानं समोरचा कागद उलटा केला.

"आणि माझ्याकडूनच का लिहून घेतलंत? खाली तुमचा अख्खा प्रसिद्धी विभाग आहे. रंगीत पत्रकं काढतात ते."

फिलिपनं खिडकीबाहेर पाहिलं. मग जे बोलला ते खरं होतं, आणि ते खरं होतं म्हणूनच तिच्या जिव्हारी लागलं.

"त्यांचं कुणी वाचत नाही. तुमचं वाचतात."

व्हर्नाला वाटलं होतं आपण ओरडू, निदान रडू तरी. यातलं काहीच झालं नाही. तेहतीस वर्षं एकेक फोन करून जमवलेली पत या माणसानं चार ओळींत खर्चून टाकली होती, आणि ती उधळायला आपणच त्याच्या हाती दिली होती. ती खाली आली, कोट घेतला, आणि गाडी काढून लॉरेल फोर्कला निघाली. दीड तासाचा रस्ता. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी लीयाला आपण सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

रुग्णालयाच्या उपाहारगृहात निम्म्या खुर्च्या आधीच भिंतीला लावून ठेवल्या होत्या. लीया वॉर्डातल्या हिरव्या कपड्यांत आली, समोर बसली. व्हर्नानं पत्रं तिच्यापुढे सरकवली. लीयानं वाचली, घडी केली, आणि एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही फोन केला होता?"

"नाही."

"तुम्ही सगळ्यांना फोन करता."

"या वेळी नाही केला. त्यानं सांगितलं, मी मानलं."

लीयानं पत्रं परत सरकवली. "त्यांचं ठीक आहे. अधिष्ठाते असेच असतात, बाबा पहिल्यापासून म्हणत होते. पण मी त्यांच्या नाही, तुमच्या शब्दावर आले. टेनेसी सोडलं मी. बाबांनी घरातच ऑक्सिजनचं यंत्र बसवून घेतलं, मी रोज घरी असणार म्हणून."

"माहितीय, पोरी."

"मला पोरी नका म्हणू आज."

लीयाला वॉर्डातून बोलावणं आलं आणि ती गेली. तिनं आणलेला चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून व्हर्ना फोनला बसली. रुग्णालय बंद पडलं की तिथल्या निवासी डॉक्टरांना दुसरीकडे सामावून घेता येतं, पण त्यांच्या जागेचा सरकारी निधी सोबत गेला तरच. ओहायो, व्हर्जिनिया, टेनेसी, इंडियाना. टेनेसीवाल्यांनी सभ्यपणे नकार दिला, त्यांच्या जागा भरल्या होत्या. एकोणचाळीस ठिकाणी फोन झाले. दोघांची सोय ओहायोत लागली, एकाची व्हर्जिनियात. लीयासाठी नेब्रास्का निघालं, गाडीनं चौदा तास. शिक्षण उत्तम होतं. होबर्ट मात्र चौदा तासांच्या अंतरावर राहणार होता.

निधी सोडायला विद्यापीठाची सही लागत होती, आणि ती अडकली. आधी चौघांनी एका कागदावर सही करावी, असं वरून आलं. झाल्या प्रकाराबद्दल तक्रार करणार नाही, कुठे बोलणार नाही, असं त्या कागदावर लिहिलं होतं. ऑक्टोबरचे दोन आठवडे असेच गेले. व्हर्जिनियावाल्यांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली.

त्या रविवारी व्हर्ना स्वयंपाकघरात बसून लिहीत होती. आर्लिसनं चष्मा लावून तिच्या खांद्यावरून वाचलं.

"काढून टाकतील तुला."

"टाकू देत."

"निवृत्तीला वर्ष राहिलंय, व्हर्ना."

"खोटं छापून वर्ष काढू?"

त्यानं चष्मा काढला. "मग शेवटची ओळ जरा मोठ्या अक्षरात टाक. ती बारीक दिसतेय."

सोमवारी सात वाजता अकराशे लोकांकडे पत्रक गेलं. सर्वांत वर लिहिलं होतं, 'बारा फेब्रुवारीला मी इथे लिहिलं की लॉरेल फोर्कची जागा पक्की आहे. ते खरं नव्हतं. विद्यापीठाला चार दिवस आधी माहीत होतं, मला नव्हतं. मी फोन करून विचारायला हवं होतं, विचारलं नाही. चार डॉक्टरांना नव्या जागा मिळाल्या आहेत, त्यांच्या निधीवर विद्यापीठाची सही बाकी आहे. शुक्रवारी मुदत संपते. – व्हर्ना स्टिडम.' त्याखाली नेहमीसारखी लस टोचण्याची तारीख आणि निबंधस्पर्धेची सूचना.

दुपारपर्यंत निवासी डॉक्टरांचा एक घोळका वरच्या मजल्यावर जाऊन उभा राहिला. घोषणा नाहीत, काही नाही. नुसते उभे. मंगळवारी एका वर्तमानपत्राचा माणूस आला. बुधवारी चौघांच्याही निधीवर विद्यापीठाच्या सह्या झाल्या आणि तो गप्प राहण्याचा कागद कुणी पुन्हा काढला नाही.

गुरुवारी व्हर्नाला बोलावलं. फिलिप तिथे नव्हता. मनुष्यबळ विभागाची एक तरुण बाई होती, तिलाच वाईट वाटतंय हे तिच्याकडे बघून कळत होतं.

"यापुढे पत्रक प्रसिद्धी विभाग काढेल. तुम्हाला वाहनतळाच्या परवान्यांचं काम दिलंय, तळमजल्यावर."

"तिथे खिडकी आहे का?"

"नाही, मॅडम."

"बरं," व्हर्ना म्हणाली. डिसेंबरमध्ये तिनं राजीनामा दिला. निरोपाला विद्यार्थीच आले, वरच्या मजल्यावरून कुणी उतरलं नाही. फिलिपला 'वेगळ्या जबाबदाऱ्या' मिळाल्या आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्या राज्यात पूर्ण अधिष्ठाता होऊन गेला. जाण्याआधी त्यानं तिच्या पत्त्यावर एक चिठ्ठी धाडली. आर्लिसनं विचारलं, "वाचायची नाही?" ती म्हणाली, "त्याच्या हातचं लिहिलेलं वाचलंय मी." चिठ्ठी चुलीत गेली.

लीयाला तिनं चार-पाचदा फोन केला. उचलला गेला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात होबर्ट गेला. लीया चौदा तास गाडी हाकत आली, तरी दोन तास उशीर झालाच. चर्चमध्ये दफनानंतर जेवण होतं. व्हर्ना वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक घेऊन गेली आणि मागच्या बाकावर बसली. लीया आपणहून तिच्याकडे आली.

"शिक्षण संपल्यावरही मी नेब्रास्कालाच राहतेय. त्यांनी कायमची नोकरी दिलीय."

"चांगलं झालं."

"हो. चांगलं आहे तिथे." ती शेजारी बसली. "तुमचं ते पत्रक वाचलं होतं मी. त्यामुळेच सही झाली, माहितीय मला. पण फोन वाजला, तुमचं नाव दिसलं, की मला ती फेब्रुवारीची दुपारच आठवायची. म्हणून उचलत नव्हते."

"नकोच उचलूस," व्हर्ना म्हणाली. "मला तसं चालेल."

लीयानं मान हलवली आणि ती काकांकडे गेली, ते बराच वेळ तिची वाट पाहत उभे होते. व्हर्ना स्वयंपाकघरात जाऊन बायकांबरोबर भांडी घासायला लागली. सगळी पातेली पुसून होईपर्यंत ती तिथेच होती. बाहेर आली तेव्हा लीयाची गाडी निघून गेली होती आणि आर्लिस ट्रकमध्ये हीटर लावून बसला होता.

"बोलली का?"

"बोलली. तिकडेच राहणार म्हणते."

"मग या डोंगरात डॉक्टर कोण?"

"कुणीच नाही," व्हर्ना म्हणाली, आणि तिनं पट्टा बांधला.