भोगीच्या विस्तवातला सायलेन्सर

माझ्या सासऱ्यांनी मला दोन गोष्टी दिल्या : एक मुलगी आणि एक मोटरसायकल. पैकी गंजली ती मोटरसायकल. (मुलगी तापते, पण गंजत नाही.)

नाना रेल्वेच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. पंधरा वर्षं ती गाडी त्यांनी स्वतःच्या हातानं पुसली होती. मुलीच्या पाठवणीला त्यांचे डोळे कोरडे होते; पण माझी चेन्नईला बदली झाली आणि गाडी पार्सलच्या डब्यात चढली, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "जावईबापू, हिला जपा," एवढंच म्हणाले. 'हिला' म्हणजे कुणाला, हे विचारायची सोय नव्हती!

आम्ही राहायचो तिरुवल्लिकेणीत, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा शहरात पाण्याचे असे हाल होते की टँकर एक दिवसाआड यायचा आणि नळ घरात शोभेपुरते होते. गोड्या पाण्याचा तुटवडा, खाऱ्या वाऱ्याचा मात्र सुकाळ! त्या वाऱ्यानं वर्षभरात सायलेन्सर तांबडालाल करून टाकला. आणि नानांचा फोन आला.

"भोगीला सकाळी पोचतोय. गाडी बरी आहे ना?"

"उत्तम!" मी म्हणालो. मग त्यांनी मुलीची, म्हणजे सुनंदाची, चौकशी केली.

खिडकीच्या गजांना लावून उरलेला चंदेरी रंग मी सायलेन्सरला फासला. काय झळाळला! सुनंदाला मागे बसवून मरिना किनाऱ्यावर फेरी काढली.

"अहो, काहीतरी जळतंय."

"मिरचीभजी तळत असतील."

"भजी आपल्याबरोबर धावतायत का?"

खाली पाहिलं, तर रंगाला पापडासारखे फोड आलेले! आणि सुनंदाच्या कांजीवरमच्या काठाला नवी चंदेरी किनार.

दुसऱ्या दिवशी माउंट रोडमागच्या गल्लीत रंगाच्या दुकानात गेलो.

"सार, एव्वळो हीट?" किती तापतं, असं दुकानदार विचारत होता.

मी माहितगारासारखा म्हणालो, "मे महिन्यातल्या चेन्नईइतकं."

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि तीन डबे मांडले : दोनशे डिग्रीचा, चारशेचा, सहाशेचा. दोन शर्टांतला एक निवडायला मला बायको लागते. इथे तीन डबे! शेवटी त्यानंच सहाशेचा काळा डबा हातात दिला आणि बजावलं, की हा रंग नुसता वाळून भागत नाही. दोनशे डिग्रीत तासभर भाजला, तरच पक्का होतो. आगीला न भिणारा रंग आधी आगीत बसून येतो! मी त्या डब्याकडे गुरूकडे पाहावं तसा पाहत घरी आलो.

घरी सुनंदाचा केकचा गोल ओव्हन होता. सायलेन्सर अडीच हात.

"त्या ओव्हनकडे बघूसुद्धा नका!"

"नुसता मोजत होतो गं."

"नजरेनं मोजताय, तेही बंद करा!"

नाना उद्या येणार. मी दोन हात रंग दिला, निदान वारा तरी लागू दे म्हणून फाटकाशी जुन्या चटईवर सायलेन्सर ठेवला आणि देवाचं नाव घेऊन झोपलो.

आता, आमच्याकडे भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. चेन्नईत भोगी म्हणजे घरातलं जुनंपानं दारासमोर जाळणं! ज्याला जे जाळायचं, ते तो आदल्या संध्याकाळी फाटकाशी आणून ठेवतो. हे मला कुणीही सांगितलं नव्हतं.

उजाडता उजाडता ढोलक्यांच्या आवाजानं जाग आली. खिडकीतून पाहतो तर गल्लीभर धूर, आमच्या फाटकासमोर जाळ, आणि फाटक्या चटया-केरसुण्यांच्या मधोमध तोफेसारखं तोंड वर करून माझा सायलेन्सर! शेजारी काठी घेऊन आमच्या घरमालकीण अंबुजाबाई. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी कैक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत उतरलेली आणि परत न गेलेली.

"अंबुजाबाई! अहो, सायलेन्सर!"

"होय की! तुम्हीच ठेवलात न्हवे चटईवर? अय्यो, बहुत जड! मी एकलीनं उचलून घातलं."

सत्तरी उलटलेली बाई! पण कौतुकाला वेळ नव्हता. मी मोरीतली बादली उचलली, लुंगी सावरली आणि धावत फाटकाबाहेर आलो. त्याच क्षणी समोर रिक्षा थांबली. नाना उतरले.

"थांबा!" नाना गरजले. मी बादलीसकट थिजलो.

"रंग कुठला?"

"स-सहाशेचा."

"भाजायचा किती?"

"दोनशेवर. तासभर."

नानांनी जाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. अंबुजाबाईंनी तोंड उघडलं, पण मागून सुनंदा आधी बोलली, "यांचीच कल्पना, नाना!"

नानांनी हातातली पिशवी खाली ठेवली, अंबुजाबाईंची काठी घेतली आणि सायलेन्सर जाळातून निखाऱ्यांच्या कडेला ओढला. मग मनगटावरच्या घड्याळाकडे डोळा ठेवून, भरताचं वांगं फिरवावं तसा तो फिरवत राहिले. गल्ली गोळा झाली. ढोलक्या थांबल्या. तासानं त्यांनी तो बाहेर काढला, निवू दिला आणि स्वतःच्या रुमालानं राख पुसली.

काय सांगू! काळाभोर, अंगभर एकसारखा, वर्षानुवर्षं तेल मुरलेल्या देवळातल्या मूर्तीसारखा! माझे हात आपोआप जुळायला आले. अंबुजाबाईंनी तर जोडलेच.

"जन्म भट्टीपाशी गेला माझा," नाना म्हणाले, "पण हे सुचलं नसतं. जावईबापू, फायलींत फुकट गेलात तुम्ही!"

मी विनयानं पायांकडे पाहिलं.

"आणि ती बादली?"

"खबरदारी, नाना. आगीपाशी पाणी हवंच!"

"बरोबर," नाना म्हणाले.

चार दिवस रोज सकाळी त्यांनी गाडीवरून मरिनावर फेरी मारली. मी त्यांना सेंट्रल स्टेशनवर पोचवायला गेलो. आगगाडी हलली, तसे ते खिडकीतून वाकले.

"जावईबापू, सगळं झकास. फक्त एक. पुढच्या वेळी खबरदारीच्या बादलीत पाणी असू द्या."

घरी आलो. सुनंदानं विचारलं, "जाताना काय म्हणाले?"

"म्हणाले, जावई हुशार आहे."

"अरे देवा," सुनंदा म्हणाली, "म्हणजे त्यांना सगळं कळलं!"