वर्धेच्या वाळूत दोघी

फाल्गुनात वर्धा नदी पलीकडच्या काठाला चिकटून वाहते आणि अलीकडे, आमच्या राळेगावच्या बाजूला, नुसती वाळू उरते. वारा ती झाऊच्या झुडपांशी आणून टाकतो. झुडपागणिक एकेक उंचवटा तयार होतो. मी जीवशास्त्र शिकवते. लग्नानंतर आम्ही कोकणात गेलो होतो, तेव्हा समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या पाहिल्या होत्या, मर्यादवेलीने बांधून धरलेल्या. तसंच काहीसं आपल्या नदीतही आहे, हे तिथे लक्षात आलं. तेव्हापासून दर फाल्गुनात मी एखादा रविवार नदीत घालवू लागले. नवरा मोटारसायकलने आणून सोडायचा आणि काठावरच्या पळसाखाली झोपून राहायचा.

यंदा थंडी सुरू झाली तेव्हा तो गेला. बसस्टँडवर उभ्या उभ्या कोसळला. जलदानविधी झाला, पाहुणे पांगले, मी कॉलेजला जाऊ लागले. शिकवता येत होतं, जेवता येत होतं, झोपही लागत होती. लोक म्हणत, बाई मोठी खंबीर. तसं काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले होते.

यंदाही एका रविवारी डबा भरला. का भरला ते सांगता येणार नाही. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना मी मामी म्हणते.

"कुठी चालली?"

"नदीवर. झाडं पाहाले."

"मीबी येतो."

आमच्यात भांडण कधी नव्हतं, बोलणंही फारसं नव्हतं. जे काय असेल ते त्याच्यामार्फत व्हायचं. मी नाही म्हटलं नाही. एसटीने फाट्यापर्यंत गेलो आणि पुढे पायी.

वाळू अजून तापली नव्हती. मामी चपला हातात घेऊन चालत होत्या आणि दिसेल त्याचं नाव विचारत होत्या. मी सांगत होते. हा झाऊ, याची मुळं खोल पाण्यापर्यंत जातात. हा पिवळा धोतरा. हे गोखरू, पाय सांभाळा. वाळूत नरसाळ्यासारखे बारीक खड्डे होते, त्यांच्या तळाशी मुंग्या धरणारा किडा दबा धरून बसतो, तेही सांगितलं. मामींनी वाकून एका खड्ड्यात काडी फिरवली. काठाच्या भिंतीतल्या बिळांतून वेडे राघू ये-जा करत होते. दर वर्षी त्यांना पाहून मला काहीतरी व्हायचं. यंदा हिरवा रंग हिरवा दिसला, एवढंच.

एका उंचवट्याच्या आडून एक लहानसा पक्षी निघाला. एक पंख वाळूवर घासत तो आमच्यापुढे फरफटत जाऊ लागला.

"पंख मोडला वाटते तिचा," मामी म्हणाल्या आणि बाटलीचं झाकण काढून पाणी घेऊन तिच्यामागे निघाल्या.

"मामी, थांबा. मोडला नाही. ढोंग करून राह्यली ते. चिखल्या म्हणतात तिले. अंडे असतीन इथंच, म्हणून आपल्याले दूर नेऊन राह्यली."

मामी जागच्या जागी थांबल्या. मी पाहिलं तर त्यांच्या टाचेपासून वीतभर अंतरावर अंडी होती, वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं. इतक्या वर्षांत त्यांचा हात मी पहिल्यांदाच धरला असेल.

आम्ही बऱ्याच लांब जाऊन बसलो. चिखल्या परत अंड्यांवर बसली. मी डबा उघडला, मामींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात ठेवला.

"तुले एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "माणसं भेटाले आले का मी रडतो. ते गेले का मले काहीच नाही होत. पोटचं लेकरू गेलं अन् काहीच नाही. मी काय दगड झालो का?"

"मलेही काही वाटून नाही राह्यलं," मी म्हणाले.

"खरंच?"

"खरंच."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मग भाकर खाल्ली. परतताना एसटीत त्यांनी खिडकीची जागा मला दिली आणि शेजारच्या बाईने चौकशी केली तेव्हा, "सून आहे, कॉलेजात शिकवते," एवढंच म्हणाल्या. मुलाचं काही सांगितलं नाही.

त्यानंतर दोन-तीनदा गेलो. एकदा अंड्यांची जागा रिकामी दिसली. पिल्लं निघून चालती झाली की कुणी खाल्ली, ते मामींनी विचारलं. चैत्रात वाळू पोळू लागली तशी आम्ही जाणं थांबवलं.

उन्हाळ्यात मामी नेरला माझ्या नणंदेकडे गेल्या. एक दिवस दुपारी त्यांचा फोन आला. "आज रडू आलं वो," त्या म्हणाल्या. "कोणीच नव्हतं घरी. कांदे कापून राह्यलतो, अन् मंग थांबेच ना."

"बरं झालं," मी म्हणाले.

"तुले?"

"अजून नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "जेवली का?"

"जेवतो आता," मी म्हणाले आणि फोन ठेवून ताट वाढून घेतलं.