वळणावरचा शेंगदाणा

आमच्या थोरल्या मामांइतका उंदरांवर जीव टाकणारा कोल्हापुरात दुसरा कोणी झाला नाही, आणि स्पर्धेत मांजरं घेतली तरी मी हे विधान मागे घेणार नाही. शिवाजी पेठेतल्या निम्म्या भाच्यांची नावं त्यांना आठवत नसत; पण कॉलेजच्या प्राणिगृहातल्या साठ पांढऱ्या उंदरांपैकी आज कोण रुसलंय, हे त्यांना दारातूनच कळे. नोकरी पिंजरे धुण्याची. विचारलं तर मात्र "शास्त्रज्ञांत असतो" म्हणत. गणपतीत पहिला मोदक मातीच्या उंदरापुढे ठेवत. मामी ओरडली की म्हणत, "साहेब मागनं जेवंल, आधी ड्रायव्हरला वाढ की!"

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला तिथं पीएच.डी. करणाऱ्या एक मॅडम आल्या. त्यांच्या उंदरांमधलं एक जनुक मुळातूनच काढून टाकलेलं होतं. त्यानं मेंदूची वाढ किती खुंटते, आणि अशा पिल्लाला रस्ता लक्षात राहतो का, हे त्या लाकडी भुलभुलैयात सोडून पाहणार होत्या. तयारीत सहा महिने गेले. परीक्षेच्या दिवशी ही मंद पिल्लं शहाण्यांच्या आधी खाऊपाशी पोचली! फक्त प्रत्येक वळणावर थांबून जरा हुंगायची. मॅडमनी एकदा पिल्लांकडे पाहिलं, एकदा मामांकडे.

"मामा, यांना कुणी शिकवलं?"

"मीच की. रोज सकाळी, वळणाला एकेक शेंगदाणा ठेवून. नापास झाली असती न्हवं बिचारी!"

"अहो, नापासच व्हायला हवी होती! सहा महिने पाण्यात गेले माझे!"

मामांचा चेहरा पडला. "चुकलं माझं. पर धाकटा भाऊ आसाच हाय माझा. घरचा रस्ता ह्याच्या डोक्यात ऱ्हाणार न्हाय, म्हणालते डॉक्टर. दोन वरसं हात धरून हिंडवला, वळणाला शेंगदाणा दिला. आता तालमीतनं एकटा येतोय की."

मॅडमनी तक्रार केली नाही. नवी पिल्लं वाढवली. मामा खोलीबाहेर स्टुलावर खिशात हात घालून बसून राहिले. ही पिल्लं रीतसर चुकली, मॅडमचा प्रबंध झाला. मामांनी आपल्या वाटणीचा पेढा चुकलेल्यांच्या पिंजऱ्यात ठेवला.

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. धाकटे मामा अजून तालमीतून एकटेच घरी येतात, कधी चुकत नाहीत. परवा सहज त्यांच्या मागून चालत होतो. वळण आलं की ते थांबतात, तळहात पुढे करतात, जराशी वाट बघतात आणि पुढे निघतात. माझ्या खिशात त्या दिवशी काहीच नव्हतं. फार वाईट वाटलं मला.