उजव्या हाताचं दुकान

इस्राएलातल्या रामल्याच्या नव्या वसाहतीत शेवटच्या घरामागे एक लाकडी खोकं उभं होतं. खोकं म्हणजे काडेपेटी नव्हे हो! आत उभं राहून माणसाने दोन्ही हात पसरावेत एवढं मोठं. युरोपातून आलेली मंडळी असल्या खोक्यांत पलंग, कपाटं, एखादा पियानोसुद्धा भरून जहाजाने आणायची. सामान बाहेर निघालं की खोकं पावसात कुजायचं. शेजारच्या झेएवकडे असं एक पडलं होतं. इझिकेल थळकराने त्याला एक टेबल करून दिलं आणि खोकं आपल्या अंगणात ओढून आणलं. ही चोपन्न सालची गोष्ट.

इझिकेल अलिबागचा, मराठी बोलणारा बेने इस्राएली ज्यू आणि जातिवंत सुतार. दिवसभर तो फर्निचरच्या कारखान्यात राबायचा आणि संध्याकाळी खोक्यात शिरायचा. तीन वर्षांत त्याने आत जे काही मांडलं, ते बघायला अख्खी वसाहत येऊन गेली. मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांची झाकणं त्याने फळीला खालून ठोकली होती. बरणी फिरवली की हातात, पुन्हा फिरवली की जागच्या जागी. संत्र्यांच्या खोक्यांचे खण केले होते आणि प्रत्येक खणाला मूठ वेगळी: बिजागऱ्यांच्या खणाला बिजागरी, स्क्रूच्या खणाला मोठा स्क्रू, पॉलिश कागदाच्या खणाला कागद चिकटवलेला ठोकळा. पटाश्या एका फळीच्या खाचांत ओळीने उभ्या; समोर कोरलेल्या रेघा, पाव इंचीला एक, अर्ध्या इंचीला दोन. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांत कानशी अडकवलेल्या. भिंतीवर करवत, रंधा, काटकोन बघायचा गुण्या यांच्या जागेभोवती त्याने बारीक खिळे ठोकून आकार काढला होता. डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळावं, इथे काय टांगायचं ते.

"डोक्यालिटी आहे बुवा!" बायाबापड्या म्हणायच्या. इझिकेल नुसता हसायचा.

झेएव मात्र खोचक. एके दिवशी तो दारात उभा राहून बराच वेळ इझिकेलचं काम बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, तू तर डावखुरा! मग ही सगळी हत्यारं उजवीकडे का टांगलीस? दर वेळी अर्धा वळतोस, कंबर मोडून घेशील."

"वडील येणार आहेत," इझिकेल म्हणाला.

एवढंच बोलला. पण त्या तीन शब्दांत काय काय होतं, ते त्याच्या बायकोला, मलकाला, ठाऊक होतं.

इझिकेलचा बाप शालोम थळकर म्हणजे अलिबागेतला नावाजलेला सुतार आणि तितकाच खवीस. पोरगा डावखुरा निघाला हे त्याला कधी पचलंच नाही. "डाव्या हाताचा सुतार आणि आंधळा सुतार, दोघांनी भजी तळावीत," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्या दुकानात सगळी हत्यारं उजव्या भिंतीला. इझिकेल वीस वर्षं तिथे वळून वळून राबला. एकदा बाप गावाला गेला असताना त्याने हिय्या केला आणि सगळी हत्यारं डावीकडे आणली. बाप परत आला. ओरडला नाही, मारलं नाही. एकेक खुंटी काढून पुन्हा उजवीकडे ठोकली आणि म्हणाला, "हे दुकान उजव्या हाताचं आहे. तुला पटत नसेल तर आपलं वेगळं मांड."

मांडलं की! एकावन्न साली बायकोला घेऊन थेट इस्राएलला आला.

आणि मग जी हुरहूर लागली ती लागलीच. कारखान्यात यंत्रांच्या घरघरीत त्याला बापाच्या रंध्याची सर्रसर्र ऐकू यायची. सागाचा वास नाकाशी यायचा. इथे कुठला साग? त्यात चोपन्न साली थोरल्या बहिणीचं, एस्तेरताईचं, पत्र आलं. बाबांचे डोळे काचबिंदूने गेले. दुकानात मात्र जातात, हाताच्या सवयीने काम करतात. खाली बापाचा निरोप: "येईन. पण तिथे माझा हात चालला तरच राहीन. बसून खाणार नाही. नाही चालला तर आल्या पावली परत पाठव."

ते पत्र वाचून इझिकेल रडला आणि आठवड्याच्या आत त्याने खोकं ओढून आणलं. बापाच्या दुकानाची खुंटीन् खुंटी त्याला पाठ होती. करवत कोणत्या उंचीवर, लाकूड तासायचा वाकस तिच्यापासून किती वितींवर, सगळं तसंच्या तसं उजवीकडे मांडलं. जन्मात पहिल्यांदा स्वतःचं दुकान मिळालं होतं, आणि तेही त्याने उजव्या हाताचं केलं. मलकाने नवसाला पावणाऱ्या एलियाहू हन्नबी प्रेषिताला गोड पोहे-नारळाच्या मलिद्याचा नवस बोलला: सासरे इथे राहिले तर मलिदा करीन.

कागदपत्रांत तीन वर्षं गेली. सत्तावन्नच्या हिवाळ्यात मुंबईहून निघालेल्या एका कुटुंबाच्या सोबतीने म्हातारा लोदच्या विमानतळावर उतरला. हातात काठी, बगलेत एस्तेरताईने बांधून दिलेलं पोहे-नारळाचं गाठोडं. चहाचा घोट पोटात गेला न गेला तोच म्हणाला, "दुकान कुठाय?"

इझिकेलने त्याला खोक्यात नेऊन कामाच्या टेबलापाशी उभं केलं. मलका दारात. म्हाताऱ्याने टेबलावरून हात फिरवला, मान हलवली. मग ताठ उभा राहिला आणि त्याचा डावा हात सरळ डाव्या भिंतीकडे गेला.

तिथे कोरी फळी.

हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. बोटं फळीवर नुसती खरवडत राहिली. म्हाताऱ्याचा चेहरा बघता बघता उतरला. "नाही रे," तो म्हणाला. "इथे माझा हात नाही चालायचा. मला परत धाड."

"बाबा, उजवीकडे!" इझिकेलचा आवाज फाटला. "तुमची करवत जन्मभर उजवीकडेच होती!"

"होती," म्हातारा म्हणाला. "तू गेलास त्याच महिन्यात मी सगळं डावीकडे आणलं."

"का?"

"का म्हणजे? आलास परत, तर तुला वळायला लागू नये. दुसरं काय!" म्हाताऱ्याने बाही डोळ्यांना लावली. "मग डोळे गेले. आता हाताला तेवढंच ठाऊक."

"एक शब्द कळवला असतात तर..."

"तू कळवलंस? एस्तेरला मीच म्हटलं, लिहू नकोस, येईल तेव्हा बघेल. सहा वर्षं रोज वाट पाहिली, मेल्या!"

इझिकेलने बापाला स्टुलावर बसवलं, पकड घेतली आणि उजव्या भिंतीची पहिली खुंटी उपटली.

म्हाताऱ्याने कान टवकारले. उठला, चाचपडत डाव्या भिंतीशी गेला आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवून उंची मापली. "हं, इथे ठोक. तुझ्या खांद्याच्या अंदाजाने."

"तुमच्या खांद्याच्या अंदाजाने ठोकतो. तुम्ही बुटके."

"मी किती दिवसांचा? तुझ्या मापाने ठोक म्हणतो ना!"

"दुकान माझं आहे, बाबा."

"दुकान तुझं, पण बाप मी आहे!"

आवाज चढत चालले. झेएव कुंपणापाशी येऊन उभा राहिला. त्याला वाटलं, म्हातारा आल्या दिवशीच भांडून निघाला. त्याने घाबरून मलकाकडे पाहिलं.

मलका पदराने डोळे पुसत घरात गेली आणि गाठोडं सोडून तिने मलिद्याचे पोहे भिजत घातले.