इनासच्या शेजारची जागा

२०२५ साल. इनास अडुसष्ट वर्षांचा होता आणि मी बहात्तर. शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्याने माझ्या वाडीच्या फाटकाशी स्कूटर थांबवली आणि दोनदा हॉर्न दिला. "जन्या, वसईला जातोय, गाडीची स्प्रिंग आणायला. येतोस?" मी केळीत उभा होतो. "कामं आहेत मला," म्हणालो. काम काहीच नव्हतं. आदल्या रविवारी तो मला चार पोरांसमोर ओरडला होता आणि तो राग मी पाच दिवस जपून ठेवला होता. "बस मग रुसून, नवरीसारखा," म्हणाला आणि गेला. अर्ध्या तासात शेजारचा माणूस धावत आला. गावाबाहेरच्या वळणावर नवा स्पीडब्रेकर घातलाय, त्याच्या पलीकडे इनास पडला होता. दवाखान्यात नेईपर्यंत... संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका, आधी झटका आला आणि मग पडला. सगळ्यांना पटलं. मला आजपर्यंत पटलेलं नाही, कारण मला जे ठाऊक होतं ते गावात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

इनासचं गॅरेज होतं. तरुणपणी तो नाशिककडच्या रॅल्यांना जायचा, आधी मेकॅनिक म्हणून, मग एका मालकाच्या गाडीत शेजारी बसणारा म्हणून. त्याला नॅव्हिगेटर म्हणतात. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, मला ते नीट त्यानेच समजावलं. रॅलीच्या आधी दोघं जण तो रस्ता हळू चालवून बघतात, आणि शेजारचा एकेक वळण वहीत उतरवून घेतो. डावं आहे की उजवं, किती वाकडं, पुढे दगड आहे की ओढा. मग खऱ्या शर्यतीत तो वाचत जातो आणि चालवणारा ऐकत जातो. "धुळीत त्याला दिसतंय काय?" इनास म्हणायचा. "काच पांढरी होते. तो कानांनी चालवतो, जन्या, कानांनी. एक वळण चुकीचं वाचलंस तर दोघंही दरीत."

गॅरेज बंद केल्यावर त्याने रिमोटच्या गाड्या धरल्या. खेळणं म्हणायचं नाही, राग यायचा. खऱ्या रॅलीच्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची गाडी, तिला चारही चाकांना स्प्रिंगा, बॅटरी आणि हातात पिस्तुलासारखा रिमोट. चाकांमागचे चिखल अडवणारे फडके तो स्वतः कापून लावायचा. भात कापून झालं की माझं खाचर त्याला मोकळं असायचं. रविवारी मिस्सा आटोपून तो चर्चच्याच कपड्यांत यायचा, पँट दुमडायचा, आणि आम्ही बांधांना भगदाडं पाडून, पेंढ्याच्या पेंड्या लावून रस्ता करायचो. गाडी बांधावरून उडाली की हा साठी उलटलेला माणूस तोंडाने खऱ्या इंजिनाचा आवाज काढायचा. माझी सून घरातून ओरडायची, "आला वाटतं तुमचा ड्रायव्हर!"

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्याने गाडी सरळ नेऊन नारळावर आपटली. खाचराच्या कडेचा तो नारळ आम्ही दोघं जन्मापासून बघत आलो. "मध्ये आला," म्हणाला. मी म्हटलं, "नारळ चालत आला काय रे?" तो हसला नाही. बांधावर बसला आणि म्हणाला की काचबिंदू आहे, कडेचं दिसत नाही, नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसतं. थेंब घालतोय. गेलेलं परत येणार नाही, म्हणाले डॉक्टर. "क्लाराला सांगू नकोस. पोरगी स्कूटर काढून घेईल, मग मी घरात बसून मरेन." क्लारा त्याची मुलगी, मुंबईला शाळेत शिकवते. मी शपथ घेतली.

तेव्हापासून मी त्याचा शेजारचा झालो. तो गाडी चालवायचा आणि मी मोठ्याने सांगायचो, "डावं, पेंडी, उडी, उजवं." पहिल्याच दिवशी चुकलो. गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा आपलं डावं ते तिचं उजवं असतं. मी माझं डावं सांगितलं आणि गाडी पाटात गेली. "तू बांधावर उभा आहेस, गाडी नाही! गाडीत बसून सांग!" महिनाभर मी केळीला पाणी देताना मनात ती गाडी फिरवत होतो. मग जमलं. गेल्या साली खाडीकडच्या कोरड्या मिठागरात विरार-नालासोपाऱ्याच्या पोरांनी शर्यत लावली. आम्हाला बघून एक म्हणाला, "अंकल, एक जण चलानेवाला, एक जण चिल्लानेवाला, ये कौनसा टीम है?" इनास म्हणाला, "फिनिशला उभा राहा, कळेल." आम्ही दुसरे आलो. मला आयुष्यात कुणी बक्षिसाला वर बोलावलं नव्हतं. त्या दिवशी बोलावलं, नॅव्हिगेटर म्हणून...

त्याच संध्याकाळी त्याच्या स्कूटरवर मागे बसून घरी येताना मी त्याला रस्ता सांगितला. "डावीकडून रिक्षा. पुढे खड्डा. म्हैस उजवीकडे." दोघंही हसत होतो. दुसऱ्या दिवशी हसू आलं नाही, कारण कडेच्या रिक्षा त्याला खरंच दिसत नव्हत्या. मग ते नेहमीचंच झालं. मी मागे असलो की बरं वाटायचं, आणि तो एकटा गेला की मी फाटकापाशीच घुटमळायचो. त्याच्या स्कूटरचा आवाज मला शंभरांत ओळखू यायचा. परतायला उशीर झाला की पाणीसुद्धा गोड लागत नसे. सून विचारायची, "कुणाची वाट बघताय?" मी म्हणायचो, "भाव विचारायला माणूस यायचाय." नाताळात क्लाराने मला बाजूला घेऊन विचारलं, "जनूकाका, पप्पांना नीट दिसतं ना? परवा दाराला धडकले." मी म्हटलं, "घारीसारखं दिसतं."

शपथेचं कारण मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. सांगितलं असतं तर क्लाराने त्याला मुंबईला आपल्याजवळ नेलं असतं आणि माझे रविवार गेले असते. तिसरी शिकलेल्या माणसाच्या शब्दावर कुणीतरी डोळे मिटून वळतो, याची मला चटक लागली होती.

तो जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्सेनंतर मी त्याच्या घरी गेलो. पाहुणे निघून गेले होते. क्लारा कपबशा धूत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. नारळ, काचबिंदू, स्कूटर, आणि त्या सकाळी काम नसताना काम आहे म्हणालो तेही. तिने नळ बंद केला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस."

"डॉक्टर म्हणाले, आधी झटका आला," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला काय वाटतं?"

मी या वयापर्यंत कुणापुढे मान खाली घातलेली नाही, भावकीच्या भांडणातही नाही. तिच्यापुढे घातली. "त्याला तो ब्रेकर दिसला नसेल," म्हणालो. "मी मागे असतो तर सांगितलं असतं. माझं चुकलं, बाय." तुमचं चुकलं नाही, असं ती म्हणाली नाही, आणि ते बरं केलं. तिने मला चहा दिला. पण स्वतः बसली नाही, कपबशा पुसत राहिली. मी चहा संपवला, कप तिच्या हातात दिला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी नारळांच्या बुंध्यांना लावायचा चुना बादलीत कालवला, ब्रश घेतला आणि वळणावर गेलो. त्या स्पीडब्रेकरवर अजून कुणी रंग मारलेला नव्हता, डांबरात डांबर मिसळून गेलं होतं. दूधवाला थांबला, "काय आजोबा, पंचायतीचं काम तुम्ही घेतलं काय?" मी गुडघे टेकले आणि वसईच्या बाजूने पहिला पट्टा ओढला, मग उठून पलीकडे गेलो आणि आमच्या गावाकडून येणाऱ्याला दिसेल असा दुसरा ओढला, चांगला रुंद.